लिंबाला दाखवलेलं ऊन

लोणखेडा, ९ नोव्हेंबर

अल्पना,

कागदावर लिहिते आहे. फोनवर लिहायला घेतलं की 'टाइप करते आहे' असं तुला दिसतं, आणि मी थांबले की तेही दिसतं. कागदावर कितीही वेळ थांबता येतं.

काल नेहल वहिनी आली होती, अभिनंदनच्या लग्नाची पत्रिका घेऊन. ज्याला आपण दोघींनी शहाद्याच्या बाजारात कडेवर घेऊन फिरवलं, तो तुझा भाचा आता नवरदेव. चहा नको म्हणाली. खिडकीतून ऊन किती उरलंय ते पाहिलं आणि सूर्य मावळायच्या आत पाणी तेवढं प्याली. मग नणंदेचं, म्हणजे तुझं, सांगू लागली, "बाईसा येताहेत ना फेब्रुवारीत. सोबत त्यांची ती मैत्रीण पण येतेय. पाओला. बाईसा म्हणतात, ती माझी बहीणच आहे इटलीतली. तुमचं बोलणं झालंच असेल म्हणा."

मी म्हटलं, "झालं ना. परवाच."

पाओला कोण ते मला माहीत आहे, हे मी तिला सांगितलं नाही. मला त्या बाईचं स्वयंपाकघर पाठ आहे. ओट्यावरच्या निळ्या फरश्या, खिडकीतली तुळशीसारखी दिसणारी पण तुळस नसलेली कुंडी, लांब टेबल आणि त्यावर पसरलेली लिंबं. त्या फोटोत तुम्ही दोघी समोरासमोर बसल्या आहात. एकसारखे पट्ट्यापट्ट्यांचे एप्रन, हातात साल काढायचे पीलर. खाली लिहिलं होतंस की लिमोंचेल्लो करतोय, म्हणजे लिंबाच्या सालीची घरगुती गोड दारू. दारू, आणि उमेदमल काकांच्या मुलीच्या हातून. मला धक्का बसायला हवा होता तो दारूचा. बसला तो तुझ्या केसांचा. ते वर गुंडाळून बांधले होते. तुला स्वतःला तसे बांधता येत नाहीत. शाळेत मी बांधून द्यायचे.

आणि त्याच्या आधीचा तो व्हिडिओ. माझी माई गेली तेव्हा तू फोनवर रडलीस, ते मी विसरलेले नाही. पण पुढच्याच महिन्यात पाओला तिच्या दुकानात उभी राहून कॅमेऱ्याला लोणच्याची बाटली दाखवत होती, आणि बाटलीवर छापलं होतं, 'अल्पनाचं लिंबू'. तू बाजूला उभी राहून हसत होतीस. ते माझ्या आईचं लोणचं होतं. मी त्या व्हिडिओवर अंगठा दाबला आणि तुझ्याशी बोलणं बंद केलं. दोन वर्षं होतील. तुला कदाचित कळलंही नसेल, कारण अंगठा तर दिसत होता.

ते लोणचं तसं होतंही तुझंच म्हणा. तू दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा आमच्याकडे म्हसावदला आलीस आणि ताटातली लोणच्याची फोड हळूच कडेला सारलीस. माईनं विचारलं, "काबर व बेटा, गोड नही लागनं का?" तू मान खाली घालून म्हणालीस की ओलं लोणचं तुमच्या जैन घरात चालत नाही, त्यात जीव पडतात. फोडी उन्हात कडक वाळवल्या असतील तरच चालतं. पुढच्या वर्षी माईनं परसातल्या ईडलिंबाच्या फोडी मीठ लावून घराच्या मातीच्या धाब्यावर घातल्या, सुपात खडखड वाजेपर्यंत. आलंसुद्धा काढून टाकलं. सगळ्या घराला तेच खायला लावलं आणि तुझ्या ताटात वाढताना म्हणाली, "आते खाई मन्ही पोर." मला ती असं कधी म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती, मी होतेच ना. तरी ते मला अजून ऐकू येतं. तेव्हापासून आमच्याकडे लिंबाला ऊन दाखवल्याशिवाय बरणीत घालत नाहीत.

यंदा म्हसावदचं झाड लगडलं आहे. भाऊ योगेंद्र गोणी भरून ईडलिंबं टाकून गेला. माई गेल्यापासून मी लोणचं घातलेलं नाही आणि यंदाही घालणार नाही. मी ठरवलंय, लिमोंचेल्लो करून बघायचं. लिंबं वाया जाऊ नयेत म्हणून, बाकी काही नाही. माझ्या घरची चीज तू तिला दिलीस, तिच्या घरची मी करून बघते.

फेब्रुवारीत येशील तेव्हा एकदा माझ्याकडे जेवायला ये. एकटी ये. एवढंच विचारायचं होतं, आणि त्याला पानं किती लागली बघ.

चेतना


लोणखेडा, १७ नोव्हेंबर

अल्पना,

पहिलं पत्र अजून वाटेतच असेल. तरी दुसरं लिहिते आहे.

वोडका हेमराजनं आणली. मी गाडीत बसून राहिले, काचा वर करून. दुकानासमोर निम्म्या गाड्या गुजरात पासिंगच्या. नेमके आमच्या कॉलेजचे एक सर तिथून बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनी एकदमच आभाळाकडे बघितलं. हेमराज पिशवी मांडीवर ठेवत म्हणाला, "आज वोडका, सकाय तू भट्टी टाकशी."

"साल भिजवायला पाहिजे," मी म्हटलं.

"लोके बी असंच काहीतरी सांगतस."

घरी सासूबाईंनी बाटली पाहिलीच. गजराबाईंच्या नजरेतून या घरात साखरेचा दाणा सुटत नाही. "हाई काय आनं व?" मी म्हटलं, औषध आहे. "कोनले काय व्हयनं?" मला कुणाचंच नाव सुचेना. हेमराज म्हणाला, "तिलेच व्हयेल शे." त्याला काय कळलंय आणि काय नाही, हे लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मला कळत नाही.

कृतीसाठी तुमचा व्हिडिओ लावला होता. पाओला बोलते आणि खाली तू मराठीत लिहिलंयस. ते मराठीत कुणासाठी लिहिलंस? तिथं कोण वाचतं मराठी? मी पुन्हापुन्हा थांबवून बघत होते. पिवळी साल तेवढी घ्यायची, आतला पांढरा भाग नको, तो कडू. तुझ्या पीलरला पांढरं लागतंय असं दिसल्यावर ती तुझं मनगट धरते आणि जरा वळवते. फार वेळ धरत नाही. पण मी व्हिडिओ तिथंच थांबवला होता आणि फोनचा पडदा काळा होईपर्यंत तसाच ठेवला.

माझंही पांढरं निघालंच. ईडलिंबाची साल जाड, हात सवयीनं खोल जातो. लोणच्याला सगळंच चालतं ना. मग चाकूच्या धारेनं एकेक साल खरवडत बसले. मनगट धरायला कुणी नव्हतं. वास मात्र असा सुटला की सासूबाई देवघरातून विचारत्या झाल्या, लोणचं घातलं का म्हणून.

बरणी माईची घेतली, काचेची, मोठी. सालींवर वोडका ओतली, झाकणावर फडकं बांधलं. बरणी ठेवली आहे. आता साली फिक्या पडून काडकन मोडायला लागल्या की साखरेचा पाक करून, गार करून ओतायचा.

एक विचारू? तुझ्या प्रत्येक फोटोत तुझ्या हातात पिवळा ग्लास आहे आणि प्रत्येक फोटोत तो काठोकाठ भरलेला आहे. पाओलाचा कधी निम्मा, कधी रिकामा. तुझा फोटो नेहमी पिण्याआधी काढतात, की तू पीतच नाहीस?

तू अजून सूर्यास्ताच्या आत जेवतेस का? तिथं उन्हाळ्यात सूर्य फार उशिरा मावळतो म्हणे. तुला बरंच असेल.

चेतना


लोणखेडा, ११ डिसेंबर

अल्पना,

दोन वर्षांनी तुझा मेसेज आला आणि त्यात काय, तर एक ओळ. 'बरणी उन्हात तर नाही ना ठेवलीस?'

'कशी आहेस' नाही, 'पत्रं मिळाली' नाही, एकटी येईन की नाही तेही नाही.

मी दुसऱ्या पत्रात काय लिहिलं होतं ते आठवून पाहिलं. बरणी ठेवली आहे, एवढंच लिहिलं होतं. कुठे ते लिहिलं नव्हतं.

गच्चीवर ठेवली होती. कठड्यापाशी, जिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हलत नाही तिथं. रोज सकाळी वर जाऊन फडकं घट्ट करायचे आणि बरणी जराशी फिरवायचे, सगळ्या बाजूंना ऊन लागावं म्हणून. व्हिडिओत बरणी कुठे ठेवायची ते कुणी सांगितलंच नाही. पाओला ती उचलून फ्रेमच्या बाहेर घेऊन जाते. अंधाऱ्या कपाटात नेत असेल हे मला कसं कळणार? माझ्या डोळ्यांसमोर लिंबू म्हणजे धाबं.

तर ती बिघडली. आधी पिवळी धमक दिसत होती. मग रंग उतरत गेला आणि आता जुन्या चहासारखी झाली आहे. वास लिंबाचा नाही, वाळलेल्या लिंबाचा आहे. पाक घालून चव घेतली तर खोकल्याच्या औषधासारखी. हेमराजनं बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, "हाई त खरंच औषध निंघनं."

मला तुझ्या मेसेजचा राग आला आहे. तिकडे ती बाई आणि तू मिळून हसला असाल. पाओलाला सांगितलं असशील की माझ्या गावाकडची एक मैत्रीण आहे, तिनं बघ काय केलं. तू 'मैत्रीण' म्हणालीस का 'ओळखीची', हेसुद्धा मला जाणून घ्यायचं आहे. अशी मी कधी झाले कुणास ठाऊक. कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं लावताना मी मनात त्या बाईशी भांडते. तिच्या भाषेतला एक शब्द मला येत नाही, तरी मी जिंकते.

पण राग उतरल्यावर एक गोष्ट राहिली. तुला कसं कळलं? कुणीही विचारलं असतं की साल नीट काढलीस का, पाक गार केलास का. तू सरळ उन्हाचंच विचारलंस.

बिघडलेली दारू मी बाटलीत भरून पाण्याच्या टाकीमागे ठेवली आहे. फेकवली नाही. दुसरी बरणी आज कपाटात ठेवते, लग्नातल्या शालूंच्या मागे.

चेतना


लोणखेडा, २२ जानेवारी

अल्पना,

दुसरी जमली. हे पत्र तुला निघायच्या आधी मिळावं.

रंग बघशील तर म्हणशील, हळदीचा हात पाण्यात धुतलाय. पण ती तयार होईस्तोवर घरात काय झालं ते ऐक. शालूंना वास लागला. सासूबाईंना लग्नाला जायचं होतं सारंगखेड्याला, त्यांनी शालू काढायला कपाट उघडलं आणि मला हाक मारली. बरणी त्यांच्या मांडीत.

"हाई आठे काय करी ऱ्हायनी व? लुगडास्ना मांगे?"

मी म्हटलं, अंधारात ठेवायची असते.

"लिंबूले अंधार?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या माहेरचा पत्ता चुकला असावा. "तुन्ही माय त लिंबूले ऊन दखाडे."

मग त्यांनी विचारलं, कुणासाठी आहे. अल्पना येणार आहे, म्हटलं. "ती शेठनी पोर? ती पेत नही, ती त कांदा बी खात नही." तिची मैत्रीण येणार आहे, तिच्यासाठी, असं मी सांगितलं. गजराबाईंनी बरणी परत ठेवली, दार लावलं आणि म्हणाल्या, "म्हंजे ज्यानी तुले चीड शे, त्यान्हासाठेच तू इतली मरी ऱ्हायनी."

मी सासूबाईंजवळ पाओलाचं नावसुद्धा कधी काढलेलं नाही.

पाक करून गाळल्यावर त्यांनी वाटी पुढे केली. पोटात वायू धरलाय म्हणे. घोट घेतला, डोळे मिटले, आणि लुगड्यानं तोंड पुसून म्हणाल्या, "चांगलं शे पोटले." त्या दिवसापासून त्यांचं पोट रोज संध्याकाळी दुखतं. बाटल्या लपवायला मला नवी जागा शोधावी लागली.

नेहल वहिनी बाजारात भेटली. तुझी माडीवरची खोली पाओलासाठी रंगवून घेतली म्हणाली. कमोड बसवला, गिझर बसवला. मी म्हसावदहून परीक्षेला यायचे तेव्हा त्याच खोलीत झोपायचे, तुझ्या शेजारी, आणि काकू खालून ओरडायच्या की पोरींनो, दिवा बंद करा. त्या खिडकीच्या चौकटीवर आपण पिनेनं रेघा मारल्या होत्या, कोण किती उंच झालं त्याच्या. रंगात त्या गेल्या असतील. वहिनीला विचारणार होते, पण काय म्हणून विचारू?

तू अजून सांगितलं नाहीस, एकटी येशील की नाही.

चेतना


लोणखेडा, १३ फेब्रुवारी

अल्पना,

हे पत्र पोस्टानं नाही. नेहल वहिनीच्या हाती देते आहे. आपण आता पाच मिनिटांच्या अंतरावर आहोत आणि तरी मी पत्रच लिहिते आहे.

काल लग्नाच्या हॉलमध्ये तुझ्यापर्यंत यायलाच मला वेळ लागला. तुझ्या भोवती नातेवाइकांचा गराडा, तुझ्या पुनीतरावांच्या संगमरवराच्या धंद्याची चौकशी करणारे चार व्यापारी, आणि ती. मी तिला वेगळी धरली होती. उंच, सडपातळ, पुस्तकातल्यासारखी. ती तर साठी उलटलेली, बुटकी, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई निघाली. नऊवारी बघितली की हात लावून बघत होती. मला तिचा राग करायला फार कष्ट पडले. पण केला.

तू मला मिठी मारलीस. तुझ्या केसांना तेच तेल होतं. मग तू तिच्याकडे वळलीस आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगितलंस. मी विचारलं, काय सांगितलंस? तू म्हणालीस, "सांगितलं, ही चेतना. आम्ही शाळेत एकत्र होतो."

शाळेत एकत्र तर साठ पोरं होती, अल्पना.

तिनं नमस्कार केला. मीही केला. मग कुणीतरी मला विचारलं, माहेर म्हसावदचं ना, आणि तो शब्द ऐकताच तिचा चेहरा उजळला. "म्हासावाद," ती म्हणाली. "माई. लिमोने." आणि हातानं मोठं झाड दाखवलं. म्हणजे तिला म्हसावद माहीत आहे. माई माहीत आहे, झाडसुद्धा माहीत आहे. फक्त त्या झाडाखाली मी नाही. तू सगळी गोष्ट सांगितलीस आणि त्यातून मला तेवढं उचलून बाजूला ठेवलंस.

तिच्या नजरेत मी अनोळखी होते. ती खोटं वागत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी जेवायला थांबले नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. ते तुलाही कळलं असेल.

परवा संध्याकाळी जेवायला ये. आता एकटी ये असं म्हणत नाही. कुणालाही घेऊन ये. पाच वाजता वाढेन, म्हणजे सूर्य असतानाच तुझं होईल. तू आली नाहीस तर मी पुन्हा लिहिणार नाही. हे रागानं नाही लिहीत, थकून लिहिते आहे.

चेतना


लोणखेडा, २ मार्च

अल्पना,

तू पोचलीस असा नेहल वहिनीचा निरोप मिळाला.

आमच्याकडे त्या दिवशी जे झालं ते तुला माहीत आहे, तू होतीसच. तरी लिहिते, कारण मी काय बघत होते ते तुला माहीत नाही.

तू तिला घेऊन आलीस तेव्हा माझं मन एवढंसं झालं. पण तुमच्या गाडीचं दार उघडल्यापासून सासूबाईंनी पाओलाचा ताबा घेतला. गुडघ्याच्या पट्ट्याला बोट लावून विचारलं, "आठेच दुखस का व माय?" ती इटालियनमध्ये बोलली. या अहिराणीत बोलल्या. दोघींचं सगळं पटलं. मी लिमोंचेल्लो ओतलं तेव्हा पाओलानं ग्लास उजेडाला धरला, एक घोट तोंडात घोळवला, आणि तू सांगितलंस, "म्हणते, फार छान आहे. साखर थोडी कमी आहे."

हेमराज म्हणाला, "ऊसवालास्ना घरमा साखर कमी? तिले सांग, ट्रॅक्टर भरीसन धाडस."

सासूबाईंनी वाटी पुढे केली, "आखो टाक व जराखं." पाओला एवढी हसली की मलाही हसू आलं, आणि हसल्याचा राग आला. तुझा ग्लास तुझ्यासमोर होता, काठोकाठ भरलेला. तू तो नाकापाशी नेलास, वास घेतलास आणि तसाच खाली ठेवलास. माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

मग तिनं पिशवीतून भेट काढली. 'अल्पनाचं लिंबू'. तिनं ती बाटली दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली, देवाचा प्रसाद द्यावा तशी. मी सगळ्यांच्या ताटात लोणचं वाढलं. माझ्या ताटात सगळ्यात मोठी फोड घेतली, कारण मला चावून बघायचं होतं की माझ्या आईला तुम्ही कशी बाटलीत भरलीत.

माझ्या दातांना आधी कळलं. फोड मऊ होती. ओली होती. मसाला माईचाच, मोहरीचं प्रमाणसुद्धा तिचंच, आलं नाही. पण त्या फोडीनं ऊन पाहिलं नव्हतं. एक दिवससुद्धा नाही. लिंबू चिरलं, मसाला लावला, तेलात घातलं, झालं.

मी मान वर करून तुझ्या ताटाकडे पाहिलं. तू फोड ताटाच्या कडेला सारली होतीस आणि त्यावर पोळीचा तुकडा ठेवला होतास, कुणाला दिसू नये म्हणून. म्हसावदला पहिल्या दिवाळीत केलं होतंस अगदी तसं. तुझं नाव छापलेलं लोणचं तुलाच चालत नाही. तिच्यासमोर तू ते कधी खाल्लंच नसशील, आणि तिनं कधी विचारलं नसेल.

हात धुवायला म्हणून तू गच्चीवर आलीस. खाली नळ होता, तरी वर आलीस. टाकीमागची ती चहाच्या रंगाची बाटली तू शोधलीस, मी दाखवली नव्हती. बूच काढून वास घेतलास. मग म्हणालीस, "माझी पण अशीच झाली होती."

"कधी?"

"पहिलीच. बाल्कनीत ठेवली होती. रोज फिरवायचे."

"मग पाओला हसली असेल."

"तिला दाखवलीच नाही. ओतून दिली. सांगितलं, हातातून पडली."

"का गं?"

"तिनं विचारलं असतं, उन्हात का ठेवलीस."

"मग सांगायचं."

तू बाटलीचं बूच घट्ट करत राहिलीस. खालून दोघी म्हाताऱ्यांचं हसणं येत होतं. "सगळंच सांगायचं का, चेतू?" तू म्हणालीस.

एवढंच. पाओलानं खालून तुला हाक मारली, आणि तू गेलीस. जाताना ती बाटली ओढणीत गुंडाळून घेतलीस. तू पिणार नाहीस आणि तिला दाखवणार नाहीस, मग ती कुठे ठेवशील ते मला माहीत नाही. विचारतही नाही.

त्यानंतर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी गोणीत उरलेली ईडलिंबं काढली. साली सुरकुतल्या होत्या, रस कमी झाला होता, पण चालतात. फोडी केल्या, मीठ लावलं, गच्चीवर जुनं लुगडं अंथरून घातल्या. सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "आते बरं शे," म्हणाल्या. फेब्रुवारी सरतानाचं ऊन कसं असतं, तुला माहीतच आहे. काल सुपात घेऊन हलवल्या तर खडखड वाजल्या. आज माईचा मसाला आणि तेल घालून बरणी भरली.

बरणी पुनीतरावांच्या माणसाबरोबर पाठवते आहे. तो महिनाअखेर मालासाठी तिकडे येणार आहे, नेहल वहिनीनं सांगितलं. तेल वर आलेलं असेल, हलवून घे. तुला चालेल असं आहे. आलं नाही, ओलावा नाही. ताटाच्या कडेला सारायची गरज नाही.

पाओलाला दे. एकदाच, एक फोड. तिच्या गुडघ्यासाठी सासूबाईंनी करंजाचं तेल दिलंय, तेही दे. ती चांगली बाई आहे, हे मला मान्य करावं लागतं आणि ते करताना अजून दुखतं. फोड कडक का आहे असं ती विचारेल. विचारणारच, तिला जीभ आहे.

तेव्हा काहीतरी सांग. तुला येतं.

चेतू